काकूचा जैतून आणि बाशांची कॉफी

रविवार, २ नोव्हेंबर

अखेर कागदी वही. दैनंदिनीची सात अ‍ॅपं वापरून झाली. पहिल्याचा पासवर्ड मी विसरले. चौथं रोज विचारायचं, ‘आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?’ आणि उत्तर दिलं नाही की रडका चेहरा दाखवायचं. सातवं खरोखर छान होतं, त्यात माझे तीन महिने आहेत, पण ते ज्या फोनात आहेत तो फोन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत आहे.

अम्मानचं आमचं संगणक प्रशिक्षण केंद्र बंद पडलं. नऊ वर्षं मी तिथे लोकांना कामं वेळेत कशी उरकावीत हे शिकवलं, आणि आता माझ्याकडे वेळच वेळ आहे. आजपासून मी इथे सल्तमध्ये फव्वाज काकांचं कार्यालय सांभाळते. ही कल्पना काकूची. कार्यालय म्हणजे त्यांच्या बैठकीतला, तार कधीच तोडलेल्या टेलिफोनशेजारचा कोपरा. कामाची मात्र कमी नाही. काका निवृत्त ब्रिगेडियर, सगळा गाव त्यांना बाशा म्हणतो. चाळीस वर्षं दर शुक्रवारी कुणाची ना कुणाची जाहा त्यांच्या पुढारपणाखाली जाते. साठ-सत्तर माणसं घेऊन मुलीच्या दारी जायचं, यजमानाने दिलेली कडू कॉफी न पिता खाली ठेवायची आणि म्हणायचं, आमचं मागणं मान्य झाल्याशिवाय ही ओठाला लागणार नाही. लग्नाचं मागणं असो की अपघातानंतरची माफी, रीत तीच. चाळीस वर्षांत काकांची कॉफी न पिता परत गेली नाही.

पण परवाच्या शुक्रवारी काका उभे राहिले आणि मिनिटभर नुसते उभेच राहिले. मग त्यांनी मुलीच्या ऐवजी मुलीच्या आजीचा हात मागितला. आजी आत बसलेली. यजमान घाईघाईने म्हणाले, “दिली, बाशा, दिली, कॉफी घ्या!” लोक हसले, प्रकरण मिटलं. मात्र काकांचा मुलगा हैसम गाडीत कडक शब्दांत म्हणाला, “यबा, आणखी एकदा असं झालं तर तुम्ही घरी बसायचं. लोकांना मी स्वतः सांगेन.”

घरी आल्यावर काका मला म्हणाले, “अरीज, नाव जिभेवर होतं गं. कुणीतरी उचलून नेलं.”

मी त्यांना घरी बसू देणार नाही. नऊ वर्षांचा अनुभव आहे माझ्याकडे.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सगळं उभं केलं. सामाईक कॅलेंडर झालं: लग्नाच्या जाहा हिरव्या रंगात, माफीच्या लाल. कामांचा फळा झाला, त्यात तीन रकाने: करायचं, चालू, झालं. काकांनी विचारलं, “मी कुठल्या रकान्यात?” मी म्हटलं, तुम्ही रकान्यात नसता अम्मो, तुम्ही रकाने हलवता. ते खूश दिसले.

पाठांतरासाठी माझं सर्वांत लाडकं अ‍ॅप घेतलं, ‘जाकिरा’. पत्त्याच्या एका बाजूला माणसाचा फोटो, उलटल्यावर नाव. आठवलं तर हिरवं बटण दाबायचं, नाही तर लाल. जे विसरतो ते पुन्हा पुन्हा समोर येतं, जे येतं ते महिनाभर येत नाही. फारच शास्त्रीय आहे.

पहिला पत्ता अबू रकानचा. येत्या अठ्ठावीसला त्यांच्याच मुलीला, लुजैनला, मागणी घालायची आहे. काकांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “ह्याचा बाप माझ्या तुकडीत स्वयंपाकी होता. एकदा वाळवंटात मीठ संपलं, तर...” आणि पुढे चाळीस मिनिटं. मध्येच माझं टोमॅटोचं घड्याळ वाजलं, म्हणजे पंचवीस मिनिटं एकाग्रतेने काम झालं, आता पाच मिनिटं विश्रांती. काका विश्रांतीतही बोलत राहिले. शेवटी मी विचारलं, “पण नाव काय त्याचं?”

“कुणाचं?”

मी लाल बटण दाबलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

यश! नावं पाठ होत नाहीत म्हणून मी दुसरी वाट काढली. काकांच्या कानातलं ऐकायचं मशीन माझ्या नव्या फोनला जोडलं. भाषण माझ्या आवाजात ध्वनिमुद्रित करून वाक्यावाक्याने कापलं. मी आत बायकांत बसून बटण दाबायचं, काकांनी कानात येईल ते मोठ्याने म्हणायचं. फौजी माणूस, आलेला हुकूम जसाच्या तसा पाळतो.

तिसऱ्याच वाक्याला यजमान उठले आणि म्हणाले, “बाशा, तुम्ही आलात यातच सगळं आलं. दिली मुलगी. कॉफी घ्या.” चार मिनिटं दहा सेकंद. स्टॉपवॉच लावलं होतं. मुलीचं नाव घ्यायची वेळसुद्धा आली नाही, इतकं भाषण प्रभावी होतं.

घरी परतताच मी फळ्यावरचा कागद ‘झालं’मध्ये नेला. केवढं समाधान असतं त्यात.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज कानातलं मशीन माझ्या फोनाऐवजी गाडीला जाऊन चिकटलं, आणि गाडीत ड्रायव्हरने रस्ता दाखवणारं अ‍ॅप सुरू ठेवलेलं. काका सत्तर माणसांसमोर उभे राहिले, बिस्मिल्ला म्हणाले आणि गंभीरपणे बोलले, “दोनशे मीटरवर उजवीकडे वळा.”

मग एक म्हातारे मान डोलवून म्हणाले, “खरंय. माणसाने वेळेत वळावं.”

“शक्य असेल तिथून मागे फिरा,” काका म्हणाले.

यजमान ताडकन उठले. “दिली! दिली! बाशा, बसा, कॉफी थंड होतेय!”

पन्नास सेकंद. म्हणजे मागच्या वेळेच्या एक पंचमांश. भाषण नसतानाही एवढा फरक, म्हणजे हा परिणाम एकूण व्यवस्थेचाच असणार. आलेख काढला पाहिजे.

रविवार, १६ नोव्हेंबर

आलेख काढला. काकूने सांगितलेल्या जुन्या आठवणींवरून मागच्या दोन वर्षांचे आकडेही घातले. पूर्वी मागणं मान्य व्हायला पंधरा मिनिटं लागत. गेल्या वर्षीच्या वसंतापासून वेळ घसरतोय, आणि आता तर रेघ कड्यावरून उडी मारते. काकांना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला.

“ही रेघ खाली का जाते?”

“ही प्रगती आहे, अम्मो.”

“हं,” ते म्हणाले आणि काकूकडे पाहिलं. काकू वांग्यांत अक्रोड भरत होती. तिने मान वर केली नाही.

माझी अडचण एकच आहे, ती म्हणजे काकू. तिच्या फोनचा आठवड्याचा अहवाल बघितला. इतर दिवशी दहा-बारा मिनिटं, आणि दर गुरुवारी तीन तास! एकेका गुरुवारी सोळा कॉल. (काकूला हाक मारताना मी खालती म्हणते.)

“खालती, गुरुवारी एवढं कुणाशी बोलता?”

“बायकांशी. मक्दूसची कृती सांगते.”

“सोळा जणींना?”

“वांग्याचे बारकावे असतात गं,” काकू म्हणाली.

कृती एकदा लिहून सामाईक फाइलमध्ये टाकता येते, हे मी तिला समजावलं. ती “बरं” म्हणाली. वाया जाणारा वेळ डोळ्यांदेखत बघणं माझ्याने होत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

शुक्रवारची जाहा बावीस सेकंदांत पार पडली. विचारायला नको.

आज काकूवर उपाय केला. फोनची सवय सोडवणारं ‘शतला’ नावाचं अ‍ॅप आहे. पडद्यावर एक रोप लावायचं. जितका वेळ फोनला हात लावणार नाही तितकं ते वाढतं. हात लावला की मरतं. गुलाब, खजूर, डाळिंब, असे पर्याय होते. मी काकूसाठी जैतून निवडला, तिच्या माहेरची बाग जैतुनाची म्हणून. पुढच्या रविवारपर्यंत तग धरला तर त्याला फळं येतील.

काकू आधी हसली. मग चष्मा लावून बारकाईने पाहिलं. “हा जैतून आहे?”

“हो.”

“आणि मी कुणाला फोन केला तर हा मरणार?”

“जागच्या जागी.”

काकूने फोन दोन्ही हातांत धरला, हळूच उचलून खिडकीत ठेवला. “निदान ऊन तरी लागू दे त्याला,” ती म्हणाली.

बुधवार, २६ नोव्हेंबर

अकरा पानं! काकूने फोनला तीन दिवस बोट लावलेलं नाही. सकाळी पूर्वेच्या खिडकीत, दुपारनंतर पश्चिमेच्या. शेकोटीजवळ ठेवत नाही, कोमेजेल म्हणून. शेजारच्या बायका बघून गेल्या. एकीने “माशाअल्ला” म्हटलं आणि दृष्ट लागू नये म्हणून निळा मणी बाजूला ठेवून गेली. सुरुवातीला एवढा प्रतिसाद मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता.

शुक्रवारी दोन जाहा एकाच दिवशी आहेत. चार वाजता अबू रकानकडे, लुजैनला आपल्याकडच्या कुतैबा नावाच्या मुलासाठी मागायचं. सहा वाजता अबू औनीकडे. आमच्या नात्यातल्या एका मुलाच्या पिकअपचे ब्रेक लागले नाहीत आणि अबू औनीचा पाय मोडला, त्याची माफी मागायची. दोन्ही भाषणं ध्वनिमुद्रित केली आणि काकांच्या सरावासाठी ‘जाकिरा’त एकेका पत्त्यावर, एकाखाली एक घातली. शुक्रवारीही तिथूनच वाजवायची.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

काकू दिवसभर खिडकीभोवती घुटमळत होती. चौदा पानं आहेत. दुपारी हळूच म्हणाली, “अरीज, तुझ्या फोनवरून एक कॉल करू दे.”

“नंबर सांगा.”

“नंबर कुणाला पाठ असतात? माझ्या फोनात आहेत ना सगळे.”

“मग रविवारपर्यंत कळ काढा, खालती. सवय सुटण्याचा सर्वांत अवघड दिवस पाचवा असतो, असं लिहिलंय.”

“पण उद्या...” ती बोलता बोलता थांबली. काका समोरच बसून जाहाला घालायच्या अबाला, त्या लांब झग्याला, इस्त्री करत होते. हे काम ते कुणालाही करू देत नाहीत. काकूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा जैतुनाकडे, आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भांड्यांचा फार आवाज येत होता.

शनिवार, २९ नोव्हेंबर

काल काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण अजून माझ्या डोक्यात नीट बसलेलं नाही.

अबू रकानकडे पासष्ट माणसं. कॉफी आली, काकांनी पेला खाली ठेवला, उभे राहिले. मी आत बायकांच्या खोलीत, जाळीच्या खिडकीशी, शेजारी काकू. मी बटण दाबलं.

काका खणखणीत आवाजात म्हणाले, “जे घडलं ते घडलं. त्यात कुणाचा हेतू नव्हता.”

‘जाकिरा’ पत्ते पिसतं! एकाच क्रमाने पाठ केलेलं पक्कं होत नाही म्हणून ते आपणहून पिसतं, आणि हे मी स्वतः नऊ वर्षं शिकवलं आहे.

“आमच्या मुलाच्या हातून चूक झाली,” काका पुढे म्हणाले. “भरधाव होता. ब्रेक लागले नाहीत.”

अबू रकानने कुतैबाकडे पाहिलं. कुतैबा पांढरा पडला. माझ्याशेजारी बसलेल्या लुजैनने स्वतःच्या दोन्ही पायांकडे पाहिलं. तिची आई तोंडावर हात ठेवून म्हणाली, “काय केलं मेल्याने माझ्या पोरीला?”

“हाड जुळेपर्यंत सगळी जबाबदारी आमची,” काका म्हणाले.

मी घाबरून भाषण बंद केलं, आणि तीच माझी दुसरी चूक. कानातला आवाज थांबला तसे काकाही थांबले. हात अर्धवट वर. पासष्ट माणसं त्यांच्याकडे बघताहेत. त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली, एकेका चेहऱ्यावर थांबत, कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. दुसऱ्या रांगेत हैसमने डोळे मिटून घेतले. मी काकांना असं कधीच पाहिलं नव्हतं. मला रडू आलं.

काकूने पिशवीतून फोन काढला. पडद्यावर सतरा पानांचा जैतून. “देवा, माफ कर,” ती म्हणाली आणि अंगठा दाबला. ४ वाजून १७ मिनिटांनी झाड मेलं. ‘पुन्हा प्रयत्न करायचा का?’ असं विचारलं गेलं, पण तोवर तिने नंबर लावला होता.

बाहेर मंडपात, भर शांततेत, अबू रकानच्या खिशात कोंबडा आरवला. त्यांनी फोन कानाला लावला. भिंतीच्या अलीकडून काकू कुजबुजली, “अबू रकान, मी उम्म हैसम. ते हरवलेत. तुमची लुजैन कुतैबाला हवी आहे, बाकी काही नाही. पाय सगळ्यांचे शाबूत आहेत. लवकर बोला भाऊ, काल फोन करायला जमलं नाही. झाड होतं.”

अबू रकानने “हं, हं” केलं, फोन खिशात ठेवला, उठले आणि काकांचा वर राहिलेला हात दोन्ही हातांत घेतला. “बाशा, जे मागायला आलात ते दिलं. आणि जे मागितलं तेही माफ. कॉफी घ्या.”

गोड कुनाफ्याची ताटं फिरली. लुजैन हसत होती, रडत होती. मी काकूकडे पाहत होते. दर गुरुवारी सोळा कॉल. वांग्याचे बारकावे. तो सगळा आलेख तिचा होता, माझा नव्हता.

सहा वाजता अबू औनीकडे पोहोचलो तेव्हा आम्ही गाडीतून उतरतोय तोच ते प्लास्टरमधला पाय खाटेवर ठेवून आतून ओरडले, “माफ केलं, बाशा! आधी आत तरी या!” मधल्या वेळात काकूचा फोन थंड झालेला नव्हता.

परतताना गाडीत काका आणि मी मागे. ते म्हणाले, “आज कुणी मधे बोललं नाही, तेव्हाच मला कळलं, हिने फोन केलेला नाही.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“दीड वर्ष झालं. मी उभा राहतो, बिस्मिल्ला म्हणतो आणि वाट बघतो. लोक किती चांगले आहेत बघ.”

“मग माझे पत्ते, भाषणं, कानातलं... ते कशाला करू दिलंत?”

“तुझं काम गेलं होतं ना,” काका सहज म्हणाले. “काकू म्हणाली, पोर दिवसभर गच्चीवर टाकीपाशी बसून असते, तिला काहीतरी करू द्या.”

घर जवळ आलं तसे ते म्हणाले, “हैसमला सांग, मी थांबतो. वाट बघताना आज भीती वाटली मला.”

सोमवार, १ डिसेंबर

काकांनी अबाची घडी करून कपाटात ठेवली. कॅलेंडरमधले पुढचे सगळे हिरवे-लाल चौकोन मला काढायला सांगितले. मी काढले. फळ्यावर फक्त टोमॅटोचं घड्याळ उरलं आहे. ते दर पंचवीस मिनिटांनी वाजतं, आणि काका दर वेळी विचारतात, “कुणी आलं का?”

माझ्यामुळे झालं हे. दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही.

काकू दुपारी माझ्याकडे आली. “एक कॉल एकाच वेळी वीस जणांना लागतो म्हणे? तुला येतं का ते?”

“येतं. कशासाठी, खालती?”

“मक्दूस,” ती म्हणाली.

मी वीस नंबर एकत्र जोडून दिले, कुठलं बटण कधी दाबायचं ते शिकवलं. तिला दहा मिनिटांत आलं. नऊ वर्षांतली माझी सर्वांत हुशार विद्यार्थिनी.

शुक्रवार, ५ डिसेंबर

चार वाजता दारात गाड्यांची रांग लागली. काका बैठकीत पायजम्यावर होते. मी धावत जाऊन अबा काढून दिला. “आज कुणाची जाहा आहे?” त्यांनी विचारलं. “मला सांगितलं नाहीस.”

“तुमच्याकडेच आलेत, अम्मो.”

पुढे अबू रकान, मागे कुबडी घेऊन अबू औनी, कुतैबा, ते ‘वेळेत वळावं’वाले म्हातारे, आणि सगळ्यांत शेवटी, मान खाली घालून, हैसम. वीस माणसं भिंतीकडेने बसली. मी कॉफी दिली. प्रत्येकाने पेला घेतला आणि न पिता समोर ठेवला. काकांनी ते वीस पेले पाहिले आणि यजमानासारखे ताठ बसले. मी सवयीने स्टॉपवॉच लावलं.

अबू रकान उभे राहिले. “बिस्मिल्ला. बाशा, आम्ही तुमच्याकडे...”

“दिलं,” काका म्हणाले. “कॉफी घ्या.”

तीन सेकंद.

वीस पेले एकदम उचलले गेले. अबू औनीने तर दुसरा मागून घेतला. हैसमने बापाच्या खांद्याला ओठ टेकवले आणि बराच वेळ मान वर केली नाही. आतल्या खोलीत काकू मोठ्याने नाक शिंकरत होती.

मी रिकामे पेले गोळा करायला वाकले तेव्हा काकांनी माझी बाही ओढली. “अरीज,” ते हळूच म्हणाले, “मी काय दिलं?”

“तुम्ही जाहा सोडायची नाही, एवढंच मागायला आले होते. पुढच्या शुक्रवारी कुतैबाच्या चुलतभावाची आहे.”

काका पेल्यांकडे पाहत राहिले. “आता मागे घेता येणार नाही?”

“नाही, अम्मो. सगळ्यांनी कॉफी प्यायली.”

“मग गुरुवारी,” काका म्हणाले, “काकूजवळ तू बस. नंबर लावायला.”